या वर्षी येऊ का?

मे महिना अर्धा सरला की काजवे बघायला कुठे जायचं, असं मला कुणी ना कुणी विचारतंच. नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात मी वीसेक वर्षं जातो आहे, तिथली गावं आणि वाटा ओळखीच्या आहेत, म्हणून विचारतात. पूर्वी मी उत्साहाने सगळं सांगायचो. भंडारदऱ्याजवळच्या शेंडीतून पुढे निघा, मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरच्या दिशेने जा, सादड्याची झाडं दिसायला लागली की गाडी बाजूला लावा आणि थांबा. आता मी असं सांगत नाही. आता मीच उलट विचारतो, तिथे तुमच्या ओळखीचं कोण आहे? ज्या गावाच्या रानात जाणार, त्या गावाला विचारलंय का?

बहुतेकांना हा प्रश्न चमत्कारिक वाटतो. जंगल सरकारचं, रस्ता सरकारचा, नाक्यावर पैसे भरून पावती घेतली, मग गावाला काय विचारायचं? माझं म्हणणं असं की विचारायचं असतं ते गावालाच. रानात किती माणसांनी यावं, कधी यावं आणि कधी मुळीच येऊ नये, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या रानाला लागून राहणाऱ्यांच्या ग्रामसभेचा आहे. तो कायद्यातही आहे. वापरात मात्र नाही, आणि याचा दोष सरकारइतकाच आपल्या फिरण्याच्या सवयीचाही आहे.

आधी काजव्यांचं बोलू, कारण तिथेच सगळं उघडं पडतं. वळवाचे एक-दोन पाऊस झाले, हवेत दमटपणा आला की अंधार पडल्यावर सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजव्यांची लुकलुक सुरू होते. कधीकधी एका झाडावरचे काजवे एका तालात उजळतात आणि एका तालात विझतात. पाऊस जोराने लागला की काही दिवसांत सगळं संपतं. हा खेळ म्हणजे त्यांच्या लग्नाचा हंगाम. नर उडत उडत आपल्या जातीच्या ठरावीक लयीत प्रकाश पाडतो. मादी खाली गवतावर, झुडपावर, पानावर बसलेली असते आणि तिला पसंत पडलं तर ती तिथूनच उजेडाने उत्तर देते. काही जातींच्या मादीला तर पंखच नसतात. प्रौढ काजव्याच्या हातात असतात ते फार तर काही आठवडे. त्याआधीचे कित्येक महिने, काही जातींत वर्ष-दोन वर्षं, त्याने अळीच्या रूपात ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली गोगलगायी खाऊन काढलेले असतात.

हे नीट समजून घेतलं की रस्त्याच्या कडेला गाडी लावून दोन पावलं गवतात शिरणं म्हणजे काय, ते कळतं. माणसं वर झाडाकडे बघत असतात आणि मादी पायाशी असते. पुढच्या वर्षीचा काजवा तर त्याहून खाली, चपलेखालच्या पाचोळ्यात असतो. गाडीचा दिवा झाडावर पडला की त्या उजेडात नराची खूणही दिसत नाही आणि मादीचं उत्तरही. एखादी गाडी गेली तर झाड पुन्हा सावरतं. पण शनिवारी रात्री आठपासून बारापर्यंत गाड्यांची रांगच सुटली नाही, तर त्या झाडावरचे ते चार तास वाया गेले. आणि असे तास त्या जिवाकडे मोजकेच असतात.

मी अशा एका रात्री त्या रस्त्यावर अडकलो आहे. पुढे गाड्या, मागे गाड्या, अरुंद रस्ता, एका बाजूला उतार. लोक खाली उतरून मोबाइलचा दिवा लावून मोबाइलनेच काजव्यांचे फोटो काढत होते. फोटोत काहीच येत नव्हतं, म्हणून ते आणखी जवळ जात होते. एका गाडीत लहान मूल घाबरून रडत होतं. या सगळ्यातून एक गावकरी बाई आपल्या आजारी सासऱ्यांना जीपमध्ये घालून खाली दवाखान्यात न्यायचा प्रयत्न करत होती आणि तिला कुणी वाट देऊ शकत नव्हतं, कारण वाट कुणाकडेच नव्हती. त्या गर्दीत माझीही गाडी होती. त्या रात्रीपासून मी कुणाला रस्ता सांगणं सोडलं.

अशा रात्रीनंतर दोन प्रकारची मतं ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, सरळ बंदी घाला. दुसरा म्हणतो, नियोजन करा, म्हणजे नाके वाढवा, शुल्क वाढवा, वाहनतळ करा, काजवा महोत्सवाला शिस्त लावा. वरवर ही दोन टोकं दिसतात, पण दोन्हीत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीत निर्णय घेणारा माणूस नगरला, नाशिकला किंवा मुंबईत बसलेला आहे. गाव दोन्हींतही फक्त पार्श्वभूमीला आहे, फोटोतल्या डोंगरासारखं.

खरं तर ते रान गावापासून वेगळं काढताच येत नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. सुमारे ३६० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. पण तिथे महादेव कोळी आणि ठाकर लोकांची वस्ती कितीतरी जुनी आहे, आणि अभयारण्याच्या हद्दीत गावंच्या गावं आहेत. मेमध्ये आपण जातो तेव्हा तिथे नुसती झाडं नसतात. हिरड्याचा हंगाम नुकताच आवरलेला असतो. कोवळी फळं झोडून, वेचून, वाळवून बाळहिरडा तयार करायचा आणि व्यापाऱ्याला विकायचा, हा या डोंगरातल्या अनेक घरांचा पावसाळ्याआधीचा महत्त्वाचा पैसा. कोणतं झाड कोणत्या घराने झोडायचं, हे अनेक गावांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. हिरड्याचं झाड सहजासहजी कुणी तोडत नाही, ते या व्यवहारामुळे. शेतात राब भाजून झालेले असतात, म्हणजे भाताच्या रोपासाठी निवडलेल्या तुकड्यावर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून पेटवलेल्या असतात. तिथे आता बी पडायचं असतं. उतारावर वरई-नागलीची तयारी असते. घरावरची कौलं परतायची असतात, जळण आत घ्यायचं असतं. ज्या पंधरवड्यात काजवे येतात, तो या माणसांच्या वर्षातला सर्वांत घाईचा पंधरवडा आहे.

आपल्याला हे दिसत नाही, कारण आपण रात्री जातो. उजेड असताना जेवणाची सोय आणि तंबूची जागा बघायची, अंधार पडला की झाडाखाली उभं राहायचं, सकाळी परत फिरायचं. अकोले तालुक्यातल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपण्याच्या कामासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या बाया या भागात भाताचे, वालाचे, भाज्यांचे किती वाण सांभाळून आहेत, हे बघायला काजव्यांच्या गर्दीतला हजारात एखादा थांबत असेल. रान आणि भोवतालचा मुलूख हे एकच आहे. खाचरातलं पाणी, बांधावरचा उंबर, गाईगुरांची वाट, देवाच्या नावाने राखलेली राई, हे सगळं मिळून ते जंगल उभं आहे. त्यातली चार चमकणारी झाडं वेगळी काढून बघायची, हे बघणं फार अपुरं आहे.

आणि अपुरं बघण्यातून चुकीचे उपाय निघतात. कासच्या पठाराचं उदाहरण आपल्यासमोर आहे. २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत सह्याद्रीतल्या इतर जागांबरोबर कासचं नाव आलं आणि फुलांच्या हंगामात तिथे माणसांचा पूर लोटला. पुढे दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आगाऊ नोंदणी आली. भोवतालच्या गावांची समिती नेमून व्यवस्था त्यांच्याकडे दिली, हे चांगलंच झालं. पण फुलं वाचवायची म्हणून पठाराला जाळीचं कुंपणही घातलं गेलं, आणि गुरं आत जायची थांबली. तेव्हा स्थानिक लोक आणि काही अभ्यासक सांगू लागले की गुरांच्या चरण्यामुळेच उंच गवत आटोक्यात राहत होतं आणि बुटक्या फुलांना जागा मिळत होती. पुढे ते कुंपण काढायला लागलं. गुराख्याला आधीच विचारलं असतं, तर तो खर्चही वाचला असता आणि ती वर्षंही.

आता हक्काचं बोलू. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या वनहक्कांचा कायदा २००६ साली झाला. त्यात सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा गावाचा हक्क मान्य केलेला आहे. कलम ५ त्याच्याही पुढे जातं. सामूहिक वनसंपत्तीपर्यंत कुणी पोहोचायचं याचं नियमन करणारे, आणि वन्यप्राणी, जंगल, जैवविविधता यांना बाधणारं कोणतंही काम थांबवणारे ग्रामसभेचे निर्णय पाळले जातील, याची खातरजमा करण्याचा अधिकार ते देतं. ‘पोहोच’ हा शब्द तिथे आहे. आणि या कायद्याच्या दृष्टीने वनजमीन म्हणजे अभयारण्यं आणि राष्ट्रीय उद्यानंसुद्धा. अनुसूचित म्हणजे आदिवासी क्षेत्रातल्या गावांना ग्रामसभेला अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचा आधार वेगळाच. म्हणजे काजव्यांच्या हंगामात आमच्या रानात रात्री एवढ्याच गाड्या, किंवा एकही नाही, असा ठराव गावाने केला तर तो हट्टही नाही आणि अडवणूकही नाही. ते कायद्याचं पालन आहे.

गावांना हे जमेल का, अशी शंका सुशिक्षित लोक फार लवकर काढतात. त्यांनी विदर्भाकडे बघावं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ असं म्हणत वर्षानुवर्षं अभ्यास आणि सभा घेतल्या, आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. त्या गावाला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूपत्ता हा विदर्भातल्या जंगलगावांचा नगदी पैसा. पण तो तोडताना फांद्या छाटल्या जातात, नवी पालवी यावी म्हणून आगी लावल्या जातात, म्हणून पाचगावच्या ग्रामसभेने तेंदू गोळा न करण्याचं ठरवलं आणि बांबूवर भर दिला. जंगलाचा एक भाग तर काहीच न काढता तसाच राखून ठेवला. समोर आलेला पैसा रानासाठी सोडून देणारा निर्णय घेतला तो पिढ्यान्‌पिढ्या जंगलाजवळ राहणाऱ्या साध्या गावाने. त्या रानाचं बरंवाईट रोज त्यांच्या दारात येतं, म्हणून त्यांना ते सुचलं आणि पेललं.

सह्याद्रीत हे काम फार मागे आहे. इथे गावाचं रानाशी असलेलं नातं कागदावर अजून धूसर आहे आणि पर्यटन मात्र वेगाने आलं आहे. म्हणून इथे नेमकं उलट चित्र दिसतं. अभयारण्य झाल्यापासून गावकऱ्याच्या लाकूडफाट्यावर, गुरांच्या चराईवर बंधनं आली. शेळी कुठे चरली याचा जाब त्याला द्यावा लागतो. आणि त्याच रानात जूनच्या पहिल्या आठवड्यात शेकडो गाड्या दिवे लावून फिरतात, तेव्हा पावती असली की सगळं मोकळं. या अन्यायाबद्दल तिथली माणसं मोठ्याने बोलत नाहीत, कारण त्या चार शनिवारांत त्यांच्याही हातात थोडा पैसा येतो. पण बोलत नाहीत म्हणजे जाणवत नाही, असं नाही. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी शंभर वर्षं खालच्या मुलखातले ऊस पिकवतं आहे. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन वीजप्रकल्प, म्हणजे पाणी वर उपसून पुन्हा खाली सोडणारा, उभा राहिला. या डोंगराने खाली फार काही दिलं आहे. आता त्याचा अंधारही आपण मागतो आहोत, आणि मागताना विचारायची तसदीसुद्धा घेत नाही.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत खरा आक्षेप मला गावातच ऐकायला मिळाला. ज्यांच्याकडे मी उतरतो ते मामा म्हणाले, “दादा, ग्रामसभा म्हणता, पण रस्त्याकडेला ज्याची जमीन त्याचेच तंबू. डोंगराखालच्या वाडीला काय मिळतं? वाट्याला आवाज तेवढा, झालं.” हे खरं आहे. रस्त्यालगत जमीन असलेले, बाहेरच्या भांडवलाशी हातमिळवणी केलेले चार जण सभेत वजन टाकू शकतात आणि ठराव आपल्या सोयीचा करून घेऊ शकतात. बायका सभेला येत नाहीत, आल्या तरी मागे बसतात, आणि स्वयंपाकाचं सगळं ओझं मात्र त्यांच्यावर. माझ्याकडे याचं सोपं उत्तर नाही. पण सभा कमकुवत आहे म्हणून निर्णय साहेबाकडे द्यायचा, हा मार्ग आपण गेली दीडशे वर्षं वापरून पाहिला आहे. त्यापेक्षा पाड्यापाड्याची सभा घ्यावी, बायकांची सभा आधी व्हावी आणि तिचा निर्णय मुख्य सभेवर बंधनकारक असावा, प्रवेशाचा पैसा गावाच्या खात्यात जाऊन त्याचा हिशेब फळ्यावर लिहिला जावा. याच तालुक्यातल्या पुरुषवाडीत पाहुणे घरोघरी वाटून देण्याची रीत बरीच वर्षं चालू आहे. पाळीपाळीने प्रत्येक घराला पाहुणा मिळतो, चुलीजवळ बसून जेवतो, गावातल्याच पोराबरोबर चालत रानात जातो. त्यात त्रुटी असतील, पण तिथे पाहुणा गावातून रानात जातो. बाकी ठिकाणी तो गाव चुकवून रानात जातो.

दुसरा आक्षेप परदेशात राहणाऱ्या मित्रांचा असतो. स्वीडनमध्ये, स्कॉटलंडमध्ये कुणीही कुणाच्याही रानात हिंडू शकतो, मग आपल्याकडे एवढी बंधनं कशाला? मला ती परंपरा मनापासून आवडते. पण तिचा अर्धाच भाग सांगितला जातो. स्कॉटलंडचा २००३ चा कायदा हिंडण्याचा हक्क देतो तो जबाबदारीने वागणाऱ्याला, आणि मोटारगाडी घेऊन फिरणाऱ्याला तो लागूच होत नाही. पायी चला, कुणाचं पीक तुडवू नका, कुणाच्या घराजवळ घोंगावू नका, आलात तसे जा. एवढ्या अटी पाळून कुणी रतनवाडीहून साम्रदला चालत गेला, तर माझी खात्री आहे की एकही गावकरी त्याला अडवणार नाही. उलट पाणी विचारेल.

आणि बंदीवाल्यांना मला कळकळीने सांगायचं आहे की माणसांना रानापासून तोडू नका. पुण्या-मुंबईच्या मुलाने एकदा तरी खरा अंधार बघायला हवा. माझी मुलगी आठ वर्षांची असताना मी तिला तिथे घेऊन गेलो. मामांनी अंगणातला दिवा मालवला, आमच्या हातातली बॅटरी काढून घेतली आणि म्हणाले, “बसा गप. डोळ्यांना येळ द्या.” पंधरा मिनिटं काहीच दिसेना. मुलगी माझा हात घट्ट धरून होती. मग समोरच्या बांधावर एक ठिपका, मग आणखी एक, मग पलीकडचं सगळं हिरड्याचं झाड. ती हात सोडून उभी राहिली. हे प्रत्येक मुलाला मिळावं असं मला वाटतं. पण ते मिळालं, कारण त्या रात्री त्या अंगणात आम्ही चौघंच होतो आणि दिवा मालवणारं माणूस त्या घरचं होतं. चारशे जणांना एकाच वेळी ते देता येत नाही. कुणालाच येणार नाही.

तेव्हा मर्यादा हवीच, आणि ती गावाने ठरवलेली हवी. हंगामाच्या आधी, एप्रिलमध्येच सभा व्हावी. सूर्यास्तानंतर बाहेरची गाडी मुख्य गावाच्या पुढे जाणार नाही, पुढे चालत आणि गावातल्या माणसाबरोबरच, झाडाखाली न जाता ठरलेल्या बांधावरूनच बघायचं, एवढं तरी प्रत्येक गाव ठरवू शकतं. वनखात्याने तो ठराव राबवायला माणसं द्यावीत, कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या पोरांनी दर वर्षी कोणत्या झाडावर किती काजवे होते याच्या नोंदी गावाबरोबर ठेवाव्यात, आणि नोंदी घसरल्या तर पुढचं वर्ष बंद ठेवण्याची मुभा गावाला असावी. बंदचं वर्ष गावाला परवडावं म्हणून सरकारने त्या वर्षाची भरपाई का देऊ नये? दुष्काळात देतो, वादळात देतो. रान राखलं म्हणून द्यायला काय हरकत आहे?

आपल्या बाजूने करायचं ते एवढंच की निघण्याआधी फोन करायचा आणि मिळेल ते उत्तर मानायचं. २०२५ मध्ये मेच्या मध्यापासूनच पाऊस कोसळायला लागला आणि महिना संपायच्या आत मोसमी पाऊस राज्यात पोहोचलासुद्धा. मी नेहमीप्रमाणे मामांना फोन केला. विचारलं, या वर्षी येऊ का?

पलीकडून पावसाचा आवाज येत होता. “नका येऊ आता,” मामा म्हणाले. “राब भिजले समदे, धूळवाफेची कोरडी पेरणी राहिली, रोपाचं काय व्हतंय काय कळंना. काजवं बी पावसानं धुतलं. आवणीला या. हात लागतील.”

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही गेलो. मुलगी आता सोळा वर्षांची झाली होती. दोन दिवस ती मामींच्या शेजारी वाकून खाचरात रोपं लावत होती. तिची ओळ वाकडी जायची, आणि मामी काही न बोलता मागून तेवढी सरळ करून घ्यायच्या. संध्याकाळी बांधावरच्या हिरड्याखाली बसून तिने पाय धुतले. रस्त्यावर एकही गाडी नव्हती.